बांधेल तो आधी उडेल

विंच केव्हाच तयार झालं होतं, आणि ओटमार अजून कानस घेऊन त्याच्या दांड्याची मूठ घासत बसला होता. पहिली मूठ त्याला जाड वाटली, म्हणून दुसरी केली. दुसरी बारीक वाटली, म्हणून तिसरी. आता ही तिसरी घामाने निसटेल की काय, अशी शंका त्याच्या मनात आली होती. आल्बच्या डोंगरावरचा मार्च महिना, वर्कशॉपमध्ये बोलताना तोंडातून वाफ निघत होती. तिथे घाम कुणाला येणार होता, देव जाणे.

"झालं का रे?" गेबहार्ड दारातून डोकावून विचारायचा. गेबहार्ड आमच्या ग्लायडर क्लबचा अध्यक्ष, उडायला शिकवणाराही तोच, आणि धंद्याने गुरांचा डॉक्टर. जन्मभर अडलेल्या गाई सोडवून त्याच्या अंगात गाईचाच धीर आला होता. पण तोही आता संपत आला होता.

"झालंच," ओटमार म्हणायचा. "फक्त रोलर एकदा बघून घेतो."

रोलर बघून झाले. मग अडचणीच्या वेळी दोर तोडणारी सुरी बघून झाली. सुरी उत्तम होती, बोटाएवढा दोर एका फटक्यात कापत होती, तरी त्याने तिची स्प्रिंग बदलली. मग खुर्ची अंगठाभर पुढे सरकवली. मग परत मागे घेतली. त्याचे पाय एका जागी ठरत नव्हते. विंचभोवती तो असा फेऱ्या मारायचा, की सिमेंटवर त्याच्या बुटांचा रस्ता पडला होता.

ग्लायडरला इंजिन नसतं, त्याला कुणीतरी वर ओढून द्यावं लागतं. मैदानाच्या एका टोकाला ग्लायडर, दुसऱ्या टोकाला विंच आणि मध्ये किलोमीटरभर पोलादी दोर. विंचवाला इंजिन चालवून दोर ड्रमवर गुंडाळतो, ग्लायडर पतंगासारखं चढत जातं आणि माथ्यावर पोचलं की वैमानिक दोर सोडून देतो. एवढीच गोष्ट. पण त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात वरच्या माणसाचा जीव खालच्या माणसाच्या हातात असतो. म्हणून आमच्या मैदानावर एक रीत आहे: बांधेल तो आधी उडेल. पंख चिकटवला असेल, तर त्या पंखावर आधी तूच बसायचं. दोर जोडला असेल, तर त्या दोरावर आधी तूच जायचं. हे कुठे लिहिलेलं नाही. लिहायची कुणाला गरजच वाटली नाही.

आणि ओटमारला उडायची भीती वाटत होती.

हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. काही अपघात झाला होता म्हणावं तर तसंही नाही. काही वर्षांमागे एका लख्ख दुपारी तो एकटाच वर होता. हवा छान होती, खाली माळावर मेंढ्या चरत होत्या, आणि एकाएकी त्याला जाणवलं की आपल्या बुडाखाली काही नाही. अर्ध्या आयुष्यात जे कधी मनातही आलं नव्हतं, ते त्या क्षणी आलं आणि घट्ट बसलं. कसाबसा खाली उतरला, पण ग्लायडर वळवायच्या दांडीवरची बोटं सुटेनात. दुसऱ्या हाताने एकेक सोडवावी लागली. पुढच्या रविवारी तो म्हणाला, "आज मी विंचवर बसतो."

विंचवर बसायला कुणीच तयार नसतं. दिवसभर लांबच्या टोकाला एकटं बसायचं, डिझेलचा धूर खायचा, कानाचे पडदे फाटून घ्यायचे आणि दुसऱ्यांना आभाळात पाठवायचं. त्यामुळे ओटमार एक रविवार बसला, दुसरा बसला, पुढे बसतच राहिला, तेव्हा सगळे म्हणाले, काय देवमाणूस आहे! हा माणूस स्वतः कधीच का उडत नाही, हा प्रश्न कुणाला पडला नाही. पडला असता तर विंचवर आपल्याला बसावं लागलं असतं ना!

गेल्या शरदात जुन्या विंचचा गिअरबॉक्स कायमचा बसला. क्लबने ठरवलं, आपणच नवीन बांधायचं. ओटमार खोऱ्यातल्या कारखान्यात जन्मभर गिअरबॉक्सची डिझाइनं करून नुकताच निवृत्त झालेला. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या आणि तो लगेच हो म्हणाला. नवं विंच आपण बांधलं, म्हणजे ते मरेपर्यंत आपलंच, वर जायचा प्रश्नच नको, असा त्याचा हिशेब. रीत त्याला आठवली ती घरी जाताना, घाटातल्या वळणावर. त्याला गाडी बाजूला घेऊन उभी करावी लागली.

*

विंच बांधलं दोघांनी, ओटमारने आणि इर्मेलाने. इर्मेला आमच्या पाच गावांचं टपाल वाटते. पहाटे सुरू करून दुपारी मोकळी होते, म्हणून हिवाळाभर ती जेवून थेट वर्कशॉपला यायची. वेल्डिंग तिचं, कापणं-घासणं तिचं, डिझाइन त्याचं, आणि भांडण दोघांचं समसमान.

इंजिन भंगारात निघालेल्या बसचं होतं. "हे चाळीस माणसं घेऊन घाट चढायचं," ओटमार म्हणाला. "आता दोघांना उचलायचं म्हणजे त्याला कंटाळा येईल."

"तुला कंटाळा न येवो म्हणजे झालं," इर्मेला म्हणाली. "सकाळपासून तोच बोल्ट घट्ट करतोयस."

बसचाच गिअरबॉक्स त्याने ठेवला. त्यात तेलातून जोर पोचतो, त्यामुळे पहिला हिसका मऊ होतो आणि दोर झटक्याने तुटत नाही. ड्रमचा व्यास त्याने कागदावर पुन्हा पुन्हा मांडला: लहान ठेवला तर दोर मोडतो, मोठा ठेवला तर इंजिन धापा टाकतं. आणि बसायची जागा त्याने इंजिनाच्या मागे काढली होती, तेव्हा इर्मेलाने चित्रावर बोट आपटलं.

"इथे बसून ग्लायडर दिसणार कसं? ड्रमच दिसेल. जमिनीलगत असताना जर विमान दिसलं नाही, तर हात कशाच्या भरवशावर चालवायचा?"

त्याने चित्र फिरवून बघितलं. "जागा बाजूला घेतो."

"बाजूला आणि वर."

"बाजूला आणि वर," तो म्हणाला. आता विंचवाल्याच्या खुर्चीभोवतीचा जाळीचा पिंजरा बाजूला आणि वर आहे, आणि येणारा जाणारा त्याचीच तारीफ करतो.

ओटमारच्या नंतर विंचवर बसणारी क्लबमध्ये ती एकटीच होती. तो तिला बसू द्यायचा तेही कधीतरी, आणि शेजारी उभा राहून "हळू, हळू" करत. बाकी तिच्या हातात दोष असा काही नव्हता. ती जरा जोरात ओढायची, एवढंच.

*

गेबहार्डचा धीर एका शुक्रवारी संपला. क्लबच्या खोलीत शेगडी पेटलेली होती, टेबलावर मसूर आणि स्पेट्झले नावाच्या जाड शेवयांचं मोठं पातेलं, प्रत्येकासमोर बियर. गेबहार्डने चमचा ग्लासावर वाजवला.

"येत्या रविवारनंतरच्या रविवारी नवं विंच सुरू होणार. गावाचा बँड सांगितलाय. केक कोण करणार ते बायका ठरवतील, म्हणजे मी ठरवणार नाही. पहिला उडणार ओटमार, मागे मी बसणार. ओढणार इर्मेला. कुणाला काही म्हणायचंय?"

सगळ्यांनी टेबलावर बोटांची पेरं वाजवली. आमच्याकडे टाळ्यांऐवजी तेच करतात. ओटमारच्या घशात मसूर अडकले. रोलर, सुरी, खुर्ची, मूठ, सगळी कारणं सरली होती. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि जे पहिलं हाताला लागलं ते उचललं.

"विंच तयार आहे," तो म्हणाला. "पण इर्मेला तयार नाही."

"म्हणजे?"

"तिचा हात जड आहे. मी बघतोय ना वर्षानुवर्षं. नव्या विंचला जोर फार आहे. तिच्या हातात दांडा द्यायचा म्हणजे… मला पटत नाही. अजून एक मोसम शिकू दे. तोवर थांबू."

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे तर अंगण म्हणून एका जिवंत माणसालाच उभं केलं होतं. इर्मेला त्याच्या समोरच बसली होती. तिच्या गळ्यावर लाल पट्टे उठले. ती काहीतरी बोलेल, ओरडेल, ग्लास आपटेल, असं सगळ्यांना वाटलं.

"बरं," ती म्हणाली. जॅकेट उचललं आणि निघून गेली. बियर अर्धी तशीच राहिली. आमच्याकडे दार आपटून गेलेला माणूस उद्या परत येतो. बियर अर्धी टाकून गेलेल्याचं काही सांगता येत नाही.

ओटमारला वाटलं, चला, वेळ मारून नेली. तेवढ्यात गेबहार्ड मिशी पुसत म्हणाला, "ठीक आहे. बांधणाऱ्याचा शब्द शेवटचा. मग शेजारच्या क्लबच्या उडोला बोलावतो ओढायला. त्याचा हात लोण्यासारखा आहे. तारीख तीच."

म्हणजे सुटका झालीच नाही. फुकट एका बाईचा तेवढा बळी गेला.

*

पुढचे दिवस ओटमारने कसे काढले, ते त्याच्या बायकोला, रोझविटाला विचारा. तो जेवताना उठायचा. उठला की कशासाठी उठलो ते विसरायचा. बागेतल्या फांद्या कापायला गेला आणि चांगल्या फुटलेल्या फांद्या कापून आला.

"तुला काय मुंग्या चढल्यात का?" ती म्हणाली. "बस की एका जागी!"

"बसलोय की."

"तू उभा आहेस, ओटमार."

तो खरंच उभा होता, खिडकीशी. टपालाची पिवळी गाडी रोज सकाळी त्याच्या दारावरून जायची. एरवी इर्मेला घंटी वाजवायची, आत यायची, उभ्याउभ्या कॉफी घ्यायची, आणि आदल्या दिवशीचं भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू करायची. आता ती पत्रं पेटीत टाकून सरळ निघून जायची. मंगळवारी तो फाटकापाशीच जाऊन उभा राहिला. तिच्याकडे एक रजिस्टर पत्र होतं.

"इर्मेला, ऐक…"

"इथे सही करा," ती म्हणाली. "तुमचं पेन आहे, की माझं देऊ?"

आमच्या मैदानावर एकदा पाऊल टाकलं की अध्यक्ष असो, डॉक्टर असो, सगळे अरे-तुरे. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे 'तुम्ही' पहिल्यांदाच आलं होतं, आणि ते त्याला थोबाडीत बसल्यासारखं बसलं. त्याने सही केली. दिवसभर त्याच्या मनात येत राहिलं की तिच्याकडे जावं, खरं काय ते सांगावं. दोनदा गाडी काढली, दोनदा तिच्या गल्लीपर्यंत गेला आणि वळून आला. एका भीतीचा माणूस दुसऱ्या भीतीला फार लवकर तयार होतो.

*

रविवारी ऊन पडलं. पाऊस पडेल ही शेवटची आशा होती, तीही गेली. गाव लोटलं होतं. बँडवाले पितळी वाद्यं पुसत होते, टेबलावर केक रांगेत मांडले होते. उडोने विंच बघितलं, दांडा दोनदा मागेपुढे केला आणि म्हणाला, "काय बांधलंय! याच्यावर माझी सासूसुद्धा विमान ओढेल." मग तो आपल्या टोकाला जाऊन बसला.

इर्मेला आली होती. न यायला ती काही पोर नव्हती. आज तिच्याकडे दोर आणायचं काम होतं: विंचपासून ग्लायडरपर्यंत मोटारीमागे दोर ओढत आणायचा आणि ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवायचा. जे काम नवशिक्यांना देतात, ते तिने स्वतः मागून घेतलं होतं.

ओटमार पुढच्या सीटवर बसला, गेबहार्ड मागे. पट्टे आवळले. इर्मेला गुडघ्यावर बसली, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हुक उघडा. लावा." दोर अडकला. पंखापाशी उभ्या असलेल्या माणसाने पंख उचलून धरला, टेलिफोनवाल्याने विंचला कळवलं, आणि गवतातला दोर सापासारखा सरकू लागला.

"थांब!" ओटमार ओरडला, आणि समोरची पिवळी मूठ ओढून त्याने दोर सोडून दिला.

आमच्याकडे 'थांब' कुणीही म्हणू शकतं, केक वाढणारी आजीसुद्धा. आणि म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, ना तेव्हा, ना नंतर. कारण विचारायला लागलं की माणसं थांब म्हणायला कचरतात, आणि मग एक दिवस कुणीतरी मरतं. म्हणून कुणी काही बोललं नाही. गेबहार्ड मागून म्हणाला, "बरं. परत लावू."

परत लावलं. दोर सरकला, ताणत आला.

"थांब!"

आता बँडवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली: विंचमध्येच काहीतरी आहे, नाही नाही, ज्याने बांधलं त्याचाच त्यावर भरवसा नाही, शेजारून माणूस बोलावला तेव्हाच कळायला हवं होतं. टेलिफोनवर उडो विचारत होता की माझं काही चुकलं का. गेबहार्ड शांत होता. त्याची ती शांतता ओटमारला शिव्यांपेक्षा वाईट लागत होती.

इर्मेला तिसऱ्यांदा दोराचं टोक घेऊन आली. गुडघ्यावर बसली आणि या वेळी वर बघितलं. ओटमारचे हात मांडीवर होते आणि पाण्यातून काढलेल्या कुत्र्यासारखे थरथरत होते.

"तुमचे हात…" ती म्हणाली आणि थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "अरे ओटमार, तुझे हात बघ."

त्याने हात मांड्यांखाली दडपले.

"कधीपासून?"

"बरीच वर्षं."

"म्हणून विंच."

"म्हणून विंच."

मग तिच्या गळ्यावर तेच लाल पट्टे उठले. "आणि म्हणून माझा हात जड!"

त्याने होकाराची मान हलवली. मागे गेबहार्ड बसला होता, त्याला सगळं ऐकू जात होतं, पण तो आभाळाकडे बघत राहिला.

"मी आठवडाभर गाडी बाजूला उभी करून स्वतःचा हात बघत होते," इर्मेला म्हणाली. "गिअरवर, ब्रेकवर, लोकांच्या पेट्यांची झाकणं लावताना. खरंच जड आहे का म्हणून. रात्री नवऱ्याच्या खांद्यावर ठेवून विचारलं, जड लागतो का रे? तो म्हणाला, झोप. आणि तू इथे…" तिचा आवाज चिरकला. ती उठून उभी राहिली. दोराचं टोक तिच्या मुठीत होतं. "मी दोर लावणार नाही. आधी तू बाहेर ये."

ती ओरडून सगळ्यांना सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही, ते त्याच्यावर सोडलं. ओटमारने पट्टे काढले. पाय बाहेर टाकला, गेबहार्डने मागून खांद्याला आधार दिला. तो गवतावर उभा राहिला. समोर अख्खं गाव.

"विंचमध्ये काही दोष नाही," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, "विंच ठीक आहे. इर्मेलाचा हातही ठीक आहे. मी खोटं बोललो. मला वर जायची भीती वाटते. कित्येक वर्षं वाटते. ते सांगायची लाज वाटली, म्हणून तिचं नाव पुढे केलं."

रोझविटा केकच्या टेबलामागे सुरी हातात धरून तशीच उभी राहिली. मग गेबहार्डने मागच्या सीटवरून डोकं बाहेर काढलं.

"एवढंच ना? अरे लेका, मला गाढवांची भीती वाटते, आणि मी गुरांचा डॉक्टर आहे. रीत गेली खड्ड्यात. मी एकटा जातो पहिला. उडोला सांगा, तयार राहा म्हणावं."

लोक हसले, आणि सगळं एकदम सैल झालं. कुणी ओटमारच्या पाठीवर हात ठेवला. कुणी कॉफीचा कप हातात दिला. एक बाई म्हणाली, आमचे हे तर शिडीवरसुद्धा चढत नाहीत. इतकी वर्षं ज्याचं ओझं वाहिलं ते एका कपाएवढ्या वेळात संपलं होतं. लोक इतके चांगले असतील असं त्याला वाटलंच नव्हतं. तो आता केक खाऊन घरी जाऊ शकत होता.

मग त्याला इर्मेला दिसली. ती अजून तिथेच होती, दोराचं टोक धरून, एकटी. तिला कुणी कॉफी दिली नव्हती. कळवळा सगळा त्याच्या वाट्याला आला होता. खोटं बोलणाऱ्याला खांदे मिळाले आणि जिच्याविषयी बोललं गेलं तिला काहीच नाही. ओढणार अजून उडोच होता. उद्या गावात लोक म्हणतील, ओटमार बिचारा घाबरट निघाला. पण इर्मेलाच्या दोरावर काही कुणी बसलं नाही बरं का. शब्द तोंडातून परत घेता येतो, लोकांच्या डोक्यातून घेता येत नाही. त्यासाठी दुसरं काहीतरी द्यावं लागतं, आणि त्याच्याकडे द्यायला एकच गोष्ट होती.

त्याने कप गवतात ठेवला.

"उडोला उतरायला सांग," तो गेबहार्डला म्हणाला. "इर्मेला ओढेल. मी बसतो."

"अरे, आता गरज नाही."

"आहे." आणि तो तिच्याकडे वळला. "ओढशील?"

"तू परत थांब म्हणशील."

"म्हणेनही."

"म्हण. मी थांबेन," ती म्हणाली. दोराचं टोक दुसऱ्याच्या हातात देऊन ती मोटारीत बसली, आणि मैदानाच्या त्या टोकाला गेली.

*

थांब म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. दोर ताणला, ग्लायडर चार पावलं सरकलं, त्याने श्वास घेतला, आणि त्या श्वासाचा शब्द व्हायच्या आत मैदान मागे फेकलं गेलं. पाठ सीटमध्ये रुतली. मागून गेबहार्ड म्हणाला, "अगं आई!" नाक आभाळाकडे वर गेलं, आणि समोर निळ्याशिवाय काही राहिलं नाही. ओटमारचा उजवा हात दांडीवर होता, डावा पिवळ्या मुठीवर, आणि तोंडाने तो काहीतरी ओरडत होता, ते शब्द होते की नुसता आवाज, ते गेबहार्डलाही सांगता आलं नाही. वर, अजून वर, आणि मग ओढ सैल झाली, नाक आपोआप खाली आलं, त्याने मूठ ओढली, दोर सुटला, आणि सगळं गप्प झालं.

भीती गेली नव्हती. ती त्याच्याबरोबरच आली होती, मांडीवर बसली होती. त्याने माळावरून एक वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि उतरला. उतरल्यावर बँड वाजायला लागला, तोही चुकीच्या सुरात. लोकांकडे न जाता तो उलट दिशेने चालू लागला, विंचकडे.

इर्मेला पिंजऱ्यात बसली होती, इंजिन धडधडत होतं. तिने कानावरचं झाकण बाजूला केलं.

"बोल," ती म्हणाली. "जड होता ना?"

"नाही, नाही. मऊ होता. अगदी…"

"पुन्हा खोटं बोलायला लागलास!" ती भडकली. "जोरात ओढलं तुला. मर्यादेत, पण जोरात. मुद्दाम. तू ओढतोस तसं लोणी लावून ओढलं असतं, तर तुला विचार करायला वेळ मिळाला असता. आणि जमिनीपासून दोन पुरुष वर असताना ती पिवळी मूठ ओढून तू दोघांना खाली आपटलं असतंस. म्हण, नसती ओढली!"

ओटमार पिंजऱ्याच्या पायरीवर बसला. तो विंचवर असता, तर त्याने हळू घेतलं असतं. घाबरलेल्या माणसाला हळू घ्यावं, हेच त्याला ठाऊक होतं. ती मूठ त्याने ओढलीच असती, यात त्याला जराही शंका नव्हती.

"ओढली असती," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्याने पुसलं नाही. "मला माफ कर, इर्मेला."

"बघते," ती म्हणाली. टेलिफोन वाजला, पुढचं ग्लायडर दोराला लागलं होतं. "आता ऊठ तिथून. ओढताना पिंजऱ्यापाशी दुसरं कुणी मला यापुढे चालणार नाही."

तो बाजूला होऊन गवतात उभा राहिला. इंजिन गरजलं, ड्रम फिरायला लागला, आणि लांब, मैदानाच्या त्या टोकाला एक पांढरं ग्लायडर जमिनीवरून सुटलं आणि चढत गेलं. ओटमार मान मागे टाकून बघत राहिला, आणि त्या ग्लायडरमध्ये आपण नाही, याचं त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा थोडं वाईट वाटलं.